नवीनच घ्या ना!

मराठी भाषेतलं सर्वांत घातक वाक्य कोणतं, असं मला कोणी विचारलं असतं, तर पूर्वी मी "पाहुण्यांना गाणं म्हणून दाखव बरं" हे सांगितलं असतं. मध्यंतरी काही वर्षं "तुमच्याशी जरा दोन मिनिटं बोलायचं होतं" या वाक्याला मी तो मान देत होतो. पण आता माझं मत कायम झालं आहे. ते वाक्य म्हणजे "नवीनच घ्या ना!"

छत्रीची काडी मोडली? नवीनच घ्या ना. बॅगेची चेन गेली? नवीनच घ्या ना. मिक्सर गुरगुरतो, पंखा कुरकुरतो, घड्याळ मागे पडतं? नवीनच घ्या ना. या वाक्याचे दोन विशेष आहेत. पहिला म्हणजे, ते म्हणणाऱ्याला पैसे द्यायचे नसतात. दुसरा म्हणजे, म्हणणाऱ्याने त्या वस्तूकडे धड पाहिलेलं नसतं. रोग्याची नाडी बघण्याआधीच तिरडीचे बांबू आणायला माणूस पाठवावा, तसा हा प्रकार. आणि आपण एरवी इतके चिकित्सक! वांगी घेताना देठापाशी कीड आहे का, हे चष्मा पुसून पाहू. पण घरातली वस्तू बंद पडली, की "नेमकं काय बिघडलंय?" हा साधा प्रश्न विचारायला आपल्याला वेळ नसतो.

माझं भांडण आहे ते या प्रश्न न विचारण्याशी. आणि ते एका गिटारीवरून सुरू झालं.

ही गिटार मी १९९९ साली घेतली. तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. चारच वर्षांपूर्वी 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' येऊन गेला होता आणि मोहरीच्या शेतात उभा राहून तारा छेडणारा तो नायक आमच्या पिढीच्या मनात कायमचा मुक्कामाला आला होता. डोंबिवलीत मोहरीचं शेत नव्हतं. मोहरी वाण्याकडे पुडीत मिळे. निदान वाद्य तरी असावं, म्हणून शिकवण्यांचे जमवलेले अठराशे रुपये घेऊन मी गिटार आणली. सिनेमातलं ते वाद्य गिटार नसून मेंडोलिन होतं, हे मला पैसे देऊन पावती खिशात घातल्यावर कळलं.

तरीही मी सहा महिने नेटाने बसलो. गिटार शिकणाऱ्याच्या आयुष्यात एफ नावाचा एक कॉर्ड येतो. त्यात पहिलं बोट आडवं टाकून पहिल्या पडद्यावर सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या असतात आणि उरलेल्या बोटांनी पुढची व्यवस्था पाहायची असते. मी दाबायचो. बोटावर सहा वळ उठायचे आणि वाद्यातून पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा. एके रात्री आतल्या खोलीतून वडिलांचा आवाज आला, "तुझ्या बोटांत नाही रे ते. बँकेच्या परीक्षा दे." मी दिल्या. बोटांत नोटा मोजणं होतं, असं निघालं. गिटार २००० साली माळ्यावर गेली, ती पाव शतक तिथेच राहिली.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माझ्या बारा वर्षांच्या मुलीने ती खाली काढली. पिशवीवर इतकी धूळ होती, की आत गिटार आहे की ऐतिहासिक अवशेष, हे चटकन कळेना. कन्येने ती मांडीवर घेतली, मोबाइलवर बघून तारा पिळल्या आणि दहा मिनिटांत लाल झालेली बोटं आईपुढे धरली. ही भांडी पुसत होती. तिथूनच म्हणाली, "बाबांवर गेलीस. यांच्या घराण्याच्या बोटांतच नाही ते." एका वाक्यात तीन पिढ्या निकालात!

खरं सांगतो, मला ते लागलं. स्वतःबद्दलचा निकाल मी केव्हाच मान्य केला होता. पण तो वारसाहक्काने मुलीच्या नावावर चढलेला मला नको होता.

मग घरी निदानाची सभा भरली. आमचे मेहुणे फराळाला आले होते. त्यांनी गिटार दोन बोटांनी उचलली, हलवली आणि म्हणाले, "भावोजी, लाकूड मेलंय." लाकूड झाड तोडलं तेव्हाच मरतं, हे मी त्यांना सांगितलं नाही, दिवाळी होती. समोरच्या काकूंच्या मते तारा गेल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या इंजिनिअर मुलाने ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, मागून उचलली गेल्याचं दाखवलं. इथवर तो बरोबर होता. पण लगेच त्याने खिशातून ती दोन सेकंदांत चिकटवणाऱ्या डिंकाची चिमुकली ट्यूब काढली. ही मंडळी अशी ट्यूब खिशात घेऊन का फिरतात, हे मला कळत नाही. मी गिटार पोटाशी धरून ती वेळ निभावून नेली.

दुसऱ्या दिवशी वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पिशवीची चेन अर्धी उघडली, आत पाहिलं आणि परत बंद केली. किती वर्षांची? मी सांगितलं. तो हसला. "साहेब, नवीनच घ्या ना! सहा हजारांत मस्त येईल. निळी आहे, काळी आहे." रोग विचारला नव्हता, रंग विचारत होता. अर्धी चेन उघडून केलेलं हे जगातलं पहिलंच शवविच्छेदन असावं.

शेवटी कोणीतरी चार रस्त्यापलीकडच्या एका जुन्या इमारतीतले पेटीवाले काका सुचवले. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. पेट्या, तानपुरे, सतारी दुरुस्त करतात आणि गिटारीही. खोलीत बसायला जागा नव्हती; एका खुर्चीवर भाते काढलेली पेटी होती, दुसरीवर तानपुऱ्याचा भोपळा. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची कधी वाजली होती?" त्या क्षणी माझा त्यांच्यावर विश्वास बसला. असा प्रश्न फक्त चांगले डॉक्टर विचारतात.

मग त्यांनी तपासायला सुरुवात केली, आणि वाचकहो, ती तपासणी ज्याने पाहिली तो पुन्हा "नवीनच घ्या ना" म्हणायला धजणार नाही. आधी त्यांनी गिटार बंदुकीसारखी डोळ्याशी धरली आणि मानेवरून नजर टाकली. मान किंचित पुढे वाकली होती. मग वहीच्या कागदाची पट्टी घेऊन ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवली. पट्टी आत गेली. "एवढंच सुटलंय," म्हणाले. मग बोटाच्या पेराने पोटावर सगळीकडे ठोकून ऐकलं. आतल्या आधाराच्या पट्ट्या सुटल्या असतील, तर ठोकल्यावर खरखर येते. आली नाही. मग शाळेतली दहा रुपयांची पट्टी काढून बाराव्या पडद्यावर तार लाकडापासून किती उंच आहे, ते मोजलं. साडेचार मिलिमीटर. "किती हवी?" मी विचारलं. "अडीचच्या आसपास."

एकूण वीस मिनिटं, साधनं चार: डोळा, कागद, पेर आणि पट्टी. यातली एकही वस्तू आपल्या घरात नाही असं नाही. नाही ती फक्त वीस मिनिटं.

मग त्यांनी कारणं सांगितली. गिटारीच्या सहा पोलादी तारा सुरात असल्या, की मिळून साधारण सत्तर किलोंची ओढ ब्रिजवर आणि मानेवर असते. मी मनात हिशेब केला. म्हणजे आमचे मेहुणे. मी तारा सैल न करताच गिटार माळ्यावर टाकली होती. माळा स्लॅबच्या खाली. मे महिन्यात तिथे पापड वाळतील एवढी धग, आणि धगीने सरस मऊ पडतो. जूनपासून डोंबिवलीची हवा अशी, की मिठाच्या बरणीत तांदूळ घालावे लागतात. गिटारीला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. अशा परिस्थितीत मेहुण्यांना अंगावर घेऊन पाव शतक कोणी उभं राहून दाखवावं! गिटार फक्त कागदाच्या पट्टीएवढी सुटली होती. मला तिचं कौतुक वाटलं आणि स्वतःची लाज वाटली.

दुरुस्तीला आठ दिवस लागले. मी रोज बँकेतून परतताना तिथे डोकावत होतो. काकांनी ब्रिज गरम करून, पातळ सुरी हळूहळू आत सरकवून अख्खा सोडवला. मी म्हणालो, "काका, मागूनच सुटलाय, तिथेच सरस भरला असता तर?" ते म्हणाले, "जुन्या सरसावर नवा सरस धरत नाही. आधी जुना खरवडून लाकूड उघडं करायचं." मला एकदम ऑफिसची आठवण झाली. जुनी थकबाकी तशीच ठेवून वर नवं कर्ज द्यायचं आणि खातं निरोगी दाखवायचं, या प्रकारावर रिझर्व्ह बँक इतकी का चिडते, हे बी.कॉम.च्या तीन वर्षांत कळलं नाही इतकं स्वच्छ मला त्या सुरीकडे पाहून कळलं. ब्रिज पुन्हा चिकटवून शिकंज्यात आवळला आणि चोवीस तास त्याला कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं.

मानेच्या आत एक पोलादी सळई असते. स्वस्त गिटारीत कित्येकदा नसतेच. माझ्या नशिबाने होती. ती ॲलन कीने घट्ट केली, की तारांच्या ओढीला उलटा जोर मिळून मान सरळ होते. काकांनी नव्या तारा चढवल्या, किल्ली पाव फेरा फिरवली आणि ठेवून दिली. मी वाट पाहत राहिलो. "आज एवढंच. लाकडाला कळायला वेळ लागतो. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी आणखी पाव फेरा. घाई करून एकदम आवळली, तर सळई तुटते किंवा मान जाते. मी ज्या काउंटरवर बसतो, तिथे तीन मिनिटं थांबावं लागलं तर लोक पंतप्रधानांना पत्र लिहायची भाषा करतात. लाकूड मात्र शांतपणे एक दिवस मागून घेतं.

ब्रिज बसला, मान सरळ झाली, तेव्हा तारांची उंची साडेचारवरून साडेतीनवर आली. अजून एक मिलिमीटर उतरवायची होती. ब्रिजमध्ये एक पांढरी चपटी पट्टी उभी असते, तिला सॅडल म्हणतात. ती खालून घासायची. मी वाणिज्याचा पदवीधर असल्याने म्हणालो, "एक मिलिमीटर हवं, तर एक घासा." काका म्हणाले, "दोन. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. एका टोकाला दोन उतरवलं, तर मध्ये एक उतरतं." त्रैराशिक! इतकी वर्षं लोकांच्या व्याजाची त्रैराशिकं सोडवतोय, पण एखाद्या त्रैराशिकातून सूर निघालेला मी प्रथमच पाहिला. काकांनी पेन्सिलीने रेघ मारली आणि पॉलिश पेपरवर सॅडल घासत बसले. तानपुऱ्याची जवारी काढणाऱ्या माणसाला हे काम शिकवावं लागत नाही. दोन्हीकडे सगळा खेळ केसभर उंचीचाच असतो.

शेवटी त्यांनी मानेच्या वरच्या टोकाचा नट पाहिला, म्हणजे ज्या खाचांमधून तारा खुंट्यांकडे जातात ती पट्टी. पाहिला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा बदलला. "या खाचा कोणी खोल केल्याच नाहीत. सॅडलही दुकानातून आलं तसंच होतं. तुम्हाला एफ लागत नसणार."

मी गार झालो. पाव शतकापूर्वीची माझ्या घरातली गोष्ट या माणसाला खाचेत दिसली होती.

"पहिल्या पडद्यापाशी तार एवढी उंच असली, तर कोणालाच लागणार नाही," काका कानसाने खाचा घासता घासता म्हणाले. "ही वाजवण्यासाठी तयार केलीच नव्हती हो. विकण्यासाठी केली होती."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. म्हणजे दोष बोटांत नव्हता. वडील चुकले होते, मी चुकलो होतो आणि घराण्यावरचा ठपकाही चुकीचा होता. दीड मिलिमीटरचं काम दुकानात कोणी केलं नाही आणि त्याचा निकाल एका मुलाच्या बोटांवर लागला. पट्टी घेऊन मोजण्यापेक्षा "तुझ्यात नाही ते" म्हणणं सोपं असतं. माणसाच्या बाबतीतलं "नवीनच घ्या ना" ते हेच!

आता तुम्ही म्हणाल, भावना ठीक आहेत, हिशेब सांगा. सांगतो; ते माझं कामच आहे. काकांनी तारांसकट चौदाशे रुपये घेतले. नवी गिटार सहा हजारांची. पण खरी गंमत पुढे आहे. त्या निळ्या-काळ्या गिटारींतली एक मी नंतर दुकानात जाऊन मोजली. हो, खिशात पट्टी घेऊन गेलो. चार मिलिमीटर! म्हणजे सहा हजार देऊन मी तीच गिटार निळ्या रंगात पुन्हा विकत घेणार होतो, आणि वर्षभराने माझी मुलगीही कुठली तरी परीक्षा देणार होती.

"जुनं ते जुनंच," असंही काही जण म्हणतात. त्यांच्यासाठी दोन दाखले. आजच्या क्लासिकल गिटारीला जिने आकार दिला, त्या स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेस या कारागिराने १८६२ साली एक गिटार केली. तिचं वरचं फळकूट लाकडाचं आणि पाठ नि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. गिटारीचा आवाज मुख्यतः वरच्या फळीत असतो, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पुठ्ठ्याची गिटार दीडशेहून जास्त वर्षं टिकते आणि आमचं लाकूड म्हणे मेलं! दुसरा दाखला अमेरिकेतला. विली नेल्सन या गायकाने १९६९ साली एक मार्टिन गिटार घेतली. वाजवून वाजवून तिच्या पोटाला ब्रिजजवळ भलंमोठं भोक पडलं. त्याने ती टाकली नाही; कारागिराकडून पुन्हा पुन्हा डागडुजी करून घेतली, आणि वयाची नव्वदी ओलांडल्यावरही तो तीच वाजवत होता. बरं झालं, त्याला आमचे मेहुणे नव्हते.

मी आंधळा नाही. काही वस्तू खरोखरच संपलेल्या असतात. मान सांध्यातून उखडली असेल, तर स्वस्त गिटारीला ती पुन्हा बसवायचा खर्च गिटारीहून जास्त येतो, हे काकांनीच मला सांगितलं. अशा वेळी खुशाल टाका. पण तपासून टाका. बँकेतसुद्धा दोन वर्षं व्यवहार झाला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. पण बुडत नाहीत. मालक कागद घेऊन आला, की पैसे परत मिळतात. पैशाला आपण एवढा न्याय देतो. वस्तूंना का नाही?

"दुरुस्त करणारेच मिळत नाहीत हो," ही शेवटची तक्रार. कसे मिळतील? आपण त्यांच्या दारात गेलो कधी? केंद्र सरकारने २०२२च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल काढलं. त्यात मोबाइल आहेत, गाड्या आहेत, ट्रॅक्टर आहेत. चांगली गोष्ट आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, याचाही मला अभिमान आहे. हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी तिथे तंतुवाद्यांकडे वळली आणि त्यांनी गावाचं नाव केलं. पण मानांकनाने जवारी निघत नाही आणि पोर्टलला सॅडल घासता येत नाही. त्याला खोलीभर पसाऱ्यात बसलेला माणूस लागतो आणि त्या माणसाला गिऱ्हाईक लागतं. काकांचा मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे. मी कारण विचारलं नाही. त्या आठ दिवसांत त्यांच्या दारात मी सोडून फक्त तिघं जण आले होते आणि त्यांतला एक पत्ता विचारायला.

असो. गिटार घरी आली. कन्या तासभर वाजवत बसली आणि बोटं दाखवायला उठली नाही. ही म्हणाली, "अहो, बरी वाजवते की!" घराण्यावरचा निकाल फिरवल्याबद्दल मी अपिलाचा खर्च मागितला नाही. रात्री सगळे झोपल्यावर मी दार लोटून गिटार मांडीवर घेतली, पहिलं बोट आडवं टाकलं आणि एफ लावला. सहाच्या सहा तारा स्वच्छ बोलल्या. पंचवीस वर्षं उशिरा आलेली ती पोच मी बराच वेळ ऐकत बसलो. वडील असते, तर त्यांना उठवलं असतं.

आता मी रोज रात्री अर्धा तास वाजवतो. अजून बरंच काही जमत नाही, पण आता ते गिटारीमुळे नव्हे, माझ्यामुळे जमत नाही. आणि आपलं अपयश आपलंच आहे, याची मोजून खात्री करून घेण्यात एक प्रकारचं समाधान असतं.

परवा वरच्या मजल्यावरचे नाना जिन्यात भेटले.

"गिटार दुरुस्त झाली वाटतं?"

"हो, नाना! चौदाशे रुपयांत."

नाना थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग जवळ येऊन हळू आवाजात त्यांनी विचारलं, "नेमकं काय बिघडलं होतं हो तिचं?"

इमारतीत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस भेटला, म्हणून मी उत्साहाने त्यांना ब्रिज, सळई, सॅडल, नट, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि यातलं काय केलं," नाना म्हणाले, "म्हणजे ती परत बिघडेल?"